जिभेवर पारखलेली नीब

खंडेनवमी, ऑक्टोबर १९५५. परभणी. विठ्ठलराव पेशकारांच्या घराची ओसरी, जेवणं उरकल्यानंतर.

हजर: विठ्ठलराव पेशकार, यजमान. राधाकाकू, त्यांच्या पत्नी. करीमभाई खरादी, ज्यांच्या खरादीवर आमची सगळ्यांची पेनं कातली गेली. यादवराव, सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. माणिकराव, गावोगावच्या जमिनी तपासत फिरणारे गिरदावर, आमच्यात वयानं लहान, कडेवर मुलगी शकू. आणि मी, कन्याशाळेतली मास्तरीण.

गैरहजर: कोणी नाही.

मला याद्या करायची सवय आहे. शाळेचं सामान, सहलीचा शिधा, न्हाव्या-धोब्याचे दिवस, सगळं मी लिहून ठेवते आणि झालं की काट मारते. वरची यादी मात्र कामाची नव्हती. नवी शाई भरल्यावर पेन चालवून बघायला काहीतरी लिहायचं, म्हणून समोर दिसलं ते लिहिलं. "कोणी नाही" हे दोन शब्द त्या ओसरीवर पुन्हा लिहिता आले नाहीत.

विठ्ठलराव निजामाच्या काळात तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढे कागद मांडायचे आणि साहेब बोलेल तो हुकूम सुवाच्य उर्दूत उतरवायचा, हे त्यांचं काम. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, कचेरीत नवे हुद्दे आणि नवी माणसं आली. परभणीनं त्यांना पेशकारसाहेबच ठेवलं. ते उंच आणि वाळके होते, अंगात कायम पांढरी सुती शेरवानी, आणि खिशाला तीन पेनं. एक उर्दूचं, एक मराठीचं, एक मोडीचं. लोकांना वाटे, मिरवायला लावलीत. पण तिन्ही निबा तीन तऱ्हांनी तिरक्या घासलेल्या होत्या आणि चुकून एकीचं काम दुसरीला सांगितलं तर अक्षर लंगडायचं.

"उर्दू उजवीकडून येती, मराठी डावीकडून," ते म्हणायचे. "दोघींना एकाच दारानं घरात कसं घेता?"

कचेरीतली उर्दू हळूहळू गेली, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे काहीजण रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. यांनी तसं केलं नाही. पन्नाशी उलटल्यावर रोज सकाळी बाराखडी घटवली, मराठीसाठी निबांचा नवा घाट शोधला, आणि दोन वर्षांत नव्या तहसीलदारांना महत्त्वाचे कागद यांच्याच हातचे लागू लागले. त्या हाताचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कशाचाच नव्हता. शेतीवाडी नाही, मूलबाळ नाही. "माझं जे काय हाय ते या मनगटाच्या खाली हाय," असं ते हात पुढे करून सांगायचे आणि लगेच हसून हात खिशात घालायचे.

घरात एक शिसवी पेटी होती. आत कप्पे, कप्प्यांना जुन्या शेरवानीचं रेशमी अस्तर, आणि त्यात पेनं. प्रत्येकाला नाव होतं. जाडजूड, दोनदा झटकल्याशिवाय कामाला न लागणारं ते "तहसीलदार". ओळीच्या मध्येच कोरडी पडणारी ती "रुसवी". कागदावर पूर आणणारी "गोदावरी". राधाकाकू सुपारी कातरत म्हणायच्या, "पाळणा हलला न्हाई, म्हणून निबांची बारशी करायलेत."

"बारशाला पान-सुपारी तर तूच देतीस की," ते म्हणायचे.

पेन कातायचे करीमभाई. त्यांचा मूळ धंदा पलंगाचे पाय आणि लाटणी कातायचा. पेशकारसाहेबांनी हैदराबादहून एबोनाइटच्या, म्हणजे कडक काळ्या रबराच्या, कांड्या मागवून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या तेव्हा ते म्हणाले होते, "साब, इतक्या बारीक पलंगावर झोपणार कोण?" मग त्यांना त्या कामाची गोडी लागली. खरादीवर कांडी फिरायला लागली की गंधक जळाल्यासारखा उग्र वास सुटायचा आणि गल्लीतली कुत्री उठून लांब जाऊन बसायची.

नीब मात्र पेशकारसाहेब स्वतः घासत. आणि माणूस बघितल्याशिवाय घासत नसत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले, "बाई, आधी जरा रागवा."

"कोणावर?"

"कोणावरबी. मास्तरणीला काय कमी हाय?"

शाळेला तेव्हा महिनोन्महिने खडू मिळत नव्हते. मी वरच्या कचेरीला पत्र लिहायला घेतलं आणि चांगलं दीड पान लिहिलं. ते शेजारी बसून माझं मनगट बघत होते, मजकूर नाही. शेवटी म्हणाले, "राग आला की तुमी उजवीकडं रेलता. तिकडची कड मऊ ठिवावी लागंल. न्हाई तर एक दिवस कागद फाडाल आणि नाव माझ्या निबंला येईल."

पंधरवड्यानं पेन हातात आलं. काळं-तपकिरी, तंबाखूच्या पानावर पाण्याच्या रेघा उठाव्यात तसं. मी पहिली ओळ लिहिली आणि थांबले. माझंच अक्षर होतं, पण झोप पुरी झाल्यावर दिसतं तसं. हे सुख ज्याला मिळालं नाही त्याला समजावता येत नाही. आम्ही सहा माणसं एरवी एका ओसरीवर बसण्याचं काही कारण नव्हतं. त्या सुखानं बसवलं.

नीब पारखायची त्यांची रीत ठरलेली. आधी वस्तऱ्याला लावतात त्या गुळगुळीत दगडावर घासायची, मग आरशाच्या काचेवर, आणि शेवटी जिभेच्या शेंड्यावर हलकेच ओढायची. "बोट खोटं बोलतं," ते सांगायचे. "बोटाला घट्टे पडतेत. जिभंला पडत न्हाईत. काचंवर न कळलेला कण जिभंवर कळतो." शाई भरल्यावरही ते लिहिण्याआधी नीब जिभेला लावत, म्हणजे शाई लगेच सुटते. बोलता बोलता, विचार करता करता, ओळ संपली की परत. त्यांच्या जिभेवर निळसर काळा पट्टा कायमचा पडला होता. आम्हाला सगळ्यांनाच ती लकब लागली. वर्गात मुलींच्या तोंडातली पेन्सिल काढणारी मी, घरी आले की नीब जिभेला लावत असे. माणिकरावांना तर इतकी लागली की कडेवरची शकू त्यांच्या खिशातलं पेन ओढून आधी तोंडात घालायची, आणि आम्ही हसायचो. "बघा, गिरदावराची लेक! शिकवायला लागलं न्हाई," असं काकू म्हणायच्या.

आता शाईचं.

बाजारच्या शाईला ते "धुतल्या लुगड्याचं पाणी" म्हणत. स्वतःची शाई लोखंडी कढईत करत. हिरड्याचा काढा, हिराकस, थोडा डिंक, मग तलम फडक्यातून गाळायची. कागदावर पडताना ती करडी दिसायची आणि दुसऱ्या दिवशी काळीभोर व्हायची. तिला एकच दुखणं होतं. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरायची, बुरशीचे धागे पेनात शिरायचे आणि नीब तुंबायची. त्यांनी लवंगा घालून पाहिल्या, कापूर घातला, कडुलिंबाचा पाला उकळला. काही उपयोग झाला नाही. पंचावन्नच्या पावसाळ्यात मात्र शाई नितळ राहिली. खंडेनवमीला त्यांनी बाटली उन्हाकडे धरून आम्हाला दाखवली.

"हिच्यात काय टाकलं, साहेब?" माणिकरावांनी विचारलं.

"अत्ताराच्या दुकानची पुडी. आता बुरशीची मजाल न्हाई."

तेवढंच बोलणं झालं. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात. आमची हत्यारं ही. पितळी परातीत सगळ्यांची पेनं मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि पेशकारसाहेबांनी एकेक पेन उघडून काचेच्या नळीनं त्यात नवी शाई भरली. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं नीब जिभेला लावून एका लांब कागदावर आपली ओळ लिहिली. नेहमीपेक्षा चव वेगळी होती. धातूसारखी, तांब्याचा पैसा तोंडात धरल्यासारखी. करीमभाईंनी तोंड वाकडं केलं आणि चूळ भरून आले. त्यांना सहीपुरतंच लिहायचं असे.

काकू परात उचलायला आल्या. शाईच्या वाटीभोवती माश्या मरून पडल्या होत्या. एकही उडत नव्हती.

"साब," करीमभाई म्हणाले, "ही शाई कचेरीत नेऊ नका. सगळा स्टाफ आडवा व्हईल."

हशा झाला. काकूंनी माश्या झाडूनं गोळा केल्या आणि परसात टाकल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यात माझंही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात माणिकरावांची जिंतूरला बदली झाली. निरोपाला पेशकारसाहेबांनी त्यांना मोठी बाटलीभर शाई दिली, बूच लाखेनं बंद करून. "तिकडं असली मिळायची न्हाई. जपून वापरा, लय दिवस पुरंल." एस. टी. निघाली तेव्हा शकू खिडकीतून हात हलवत होती आणि बाटली माणिकरावांनी मांडीवर धरली होती, फुटू नये म्हणून.

त्याच सुमारास पेशकारसाहेबांचा हात हलायला लागला.

आधी फक्त वेलांटीत. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, पण आम्ही त्यांचं अक्षर ओळखत होतो. वेलांटी वर जाताना मध्ये एक बारीक खोच पडायची. त्यांनी दोष निबेला दिला. पेन उघडलं, नीब दगडावर घासली, काचेवर घासली, जिभेवर ओढली. आठ दिवस बरं गेलं असं त्यांना वाटलं. मग परत खोच. परत दगड, काच, जीभ. पेटीतल्या पेनांच्या निबा एकामागून एक नव्यानं घासल्या जाऊ लागल्या. "तहसीलदार" झालं, "गोदावरी" झाली, आपलं जुनं उर्दूचं पेनसुद्धा त्यांनी सोडलं नाही. हात जितका हलेल तितकी नीब घासायची आणि जितकी घासायची तितकी ती तोंडात जायची. आज कागदावर मांडताना हे चक्र स्वच्छ दिसतं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की साहेब निबांच्या फार मागे लागलेत.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला माणिकराव नव्हते. कागदावर ओळी पडल्या. पेशकारसाहेबांनी स्वतःची ओळ लिहिली, बघितली, आणि तो कागद घडी करून शेरवानीत घातला. कोणाला दाखवला नाही. नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो. कचेरीत नवे नमुने आणि नव्या टिप्पण्या आल्या. नव्या साहेबांनी एक मसुदा यांच्याकडून लिहवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तोच टंकलेखकाकडे दिलेला यांनी पाहिला. घरी येऊन ते काकूंवर ओरडले. भाजीत मीठ नाही, एवढ्यावरून. ज्या माणसानं आयुष्यात आवाज चढवला नव्हता, त्याचा आवाज शेजारी आमच्या अंगणापर्यंत आला. काकू मला म्हणाल्या, "बाई, ह्ये माझे न्हाईत. कोणीतरी दुसरंच घरात येऊन बसलंय."

साहेबांच्या हिरड्या सुजल्या. तोंडात सारखं पाणी येई, ते रुमालानं टिपत. ओळखीचा माणूस समोर आला की मान खाली घालून गल्ली बदलत. आणि निबा पांढऱ्या पडू लागल्या. सोन्याच्या निबा, टोकापासून वर, कोड उठावं तशा. ते खडूनं घासत, पांढरं जात नसे. माझ्या उजव्या हातात आईची अंगठी असे. लिहिताना बोटाला शाई लागायचीच. एके दिवशी वर्गात मुलगी म्हणाली, "बाई, तुमची अंगठी चांदीची झाली." मी हात पाहिला. खालची कड पांढरी होती. मी ती राखेनं घासली आणि "सोनाराला दाखवणे" असं यादीत लिहून ठेवलं.

सोनाराकडे जायची वेळ आली नाही. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात यादवराव पेशकारसाहेबांसाठी तोंडात धरायचं औषध घेऊन आले. मी काकूंजवळ बसले होते. यादवरावांनी साहेबांना उजेडात बसवलं, ओठ वर करून पाहिलं आणि बराच वेळ ओठ सोडलाच नाही.

"साहेब, वैद्याचं काही घ्यायलात का? हकिमाचं?"

"न्हाई."

"हिरड्यांवर रेघ हाय काळी. हात असा. लाळ अशी. दवाखान्यात असलं एकदाच बघितलंय मी. पारा पोटात गेल्यावर असं होतंय."

पेशकारसाहेबांनी फळीकडे पाहिलं. तिथं हिरड्याचं मडकं होतं, हिराकसाचा डबा होता आणि मागे कागदाची पुडी होती.

"पोटात न्हाई घातला," ते म्हणाले. "शाईत घातला."

यादवरावांनी पुडी उघडली, हुंगली नाही, बोट लावलं नाही, तशीच मिटली. "रसकापूर. पाऱ्याचं जहर," ते म्हणाले. "साहेब, आमच्याकडं ह्याच्या बाटलीवर लाल चिठ्ठी असती."

काकूंच्या हातातला अडकित्ता थांबला. बाहेर करीमभाईंची खराद चालू होती, तिची घरघर तेवढी येत होती. मला वाटलं, आता ते स्वतःच्या हाताकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. जीभ ओठावरून फिरवली, मध्येच आत घेतली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, कोणाकोणाच्या पेनात हाय?"

त्यांना ठाऊक होतं. तरी मी नावं घेतली. खंडेनवमीच्या त्या कागदावर होती त्याच क्रमानं. माणिकरावांचं नाव आल्यावर ते भिंतीला टेकले.

"त्येला तर बाटली दिली मी," ते म्हणाले. "पोरगी हाय त्येची. ती पेन तोंडात घालती."

त्याच संध्याकाळी माणिकरावांचं सोडून सगळ्यांची पेनं परत आली. त्यांनी ती दुसऱ्या कोणाला धुऊ दिली नाहीत. हाताला फडकं गुंडाळून, परसात बसून, एकेक पेन उघडून राखेच्या पाण्यात घातलं. हात इतका हलत होता की टोपणाचे आटे जुळत नव्हते. करीमभाई शेजारी उकिडवे बसून टोपणं घट्ट करून देत होते. शाई खड्ड्यात ओतली, वर माती लोटली. त्या जागी काकूंनी पुढे काही लावलं नाही, आणि आपोआपही काही उगवलं नाही.

निबा त्यांनी पेटीत ठेवल्या नाहीत. त्या करीमभाईंनी एका डबीत घालून नेल्या. कुठे पुरल्या ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

जिंतूरला मी स्वतः गेले, पुढच्याच आठवड्यात. गिरदावरांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. राज्य बदललं तशा बदल्या झाल्या, माणिकराव वऱ्हाडात गेले असं शेजाऱ्यांनी सांगितलं. कोणी अकोला म्हणालं, कोणी यवतमाळ. "तब्येत बरी हाय ना त्यांची?" मी विचारलं. शेजारीण म्हणाली, "बरी की. जरा तापट झाले होते, एवढंच. आणि हात कापायचा चहा पिताना."

मी परत येऊन हे सांगितलं नाही. वऱ्हाडात बदली झाली, पत्र टाकते, एवढंच म्हणाले.

आम्ही बाकीचे हळूहळू बरे झालो. माझा एक दात गेला, अंगठी सोनारानं आटवली. पेशकारसाहेब बरे झाले नाहीत. पावसाळ्यात पुतण्या त्यांना हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला आला. मी, करीमभाई आणि यादवराव स्टेशनवर गेलो होतो. ते बाकावर बसले होते, शेरवानीचा खिसा रिकामा. गाडीला वेळ होता. त्यांनी कागद मागितला.

"माणिकरावला दोन ओळी माझ्या हातच्या जाऊ द्या. तुमचं ऐकल न ऐकल. माझं अक्षर बघितलं की ऐकल."

पेन कोणाकडेच नव्हतं. यादवरावांनी शिसपेन्सिल दिली. कागद गुडघ्यावर धरून त्यांनी थोडा विचार केला, आणि विचार करताना पेन्सिलीचं टोक आपोआप तोंडाकडे निघालं. ओठांच्या जवळ येऊन ते थांबलं. हात तिथंच अधांतरी हलत राहिला. त्यांनी डोळे वर करून आमच्याकडे पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. करीमभाई रुळांकडे बघायला लागले.

मग त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. "माणिकराव यांस" एवढं लिहायचं होतं. जे उमटलं ते उर्दू नव्हतं, मराठी नव्हतं आणि मोडीही नव्हतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बाई, तुमीच लिहा." गाडी आली. खिडकीत त्यांचा डावा हात दिसला, उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलेला. दिवाळीनंतर पुतण्याचं कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता.

मी लिहिलं. अकोल्याला, यवतमाळला, बुलढाण्याला, गिरदावर माणिकराव या नावानं, कचेऱ्यांच्या पत्त्यावर. काही पाकिटं परत आली, काही आली नाहीत. जी आली नाहीत ती पोहोचली असं समजावं की नाही, हे मला ठरवता येत नाही. आता मुंबई राज्यही मोडणार, पुन्हा बदल्या होणार असं बोलतात. शकू पाटी सोडून कागदावर लिहायच्या वयाची झाली असेल. बापाचं चांगलं पेन लेकीला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती बाटली मोठी होती.

यावर्षीच्या यादीत शाळेची कौलं, ग्रंथालयाचं कपाट आणि काकूंचा चष्मा यांवर काट पडली आहे. त्याखालची ओळ तीन वर्षांच्या याद्यांमधून मी खाली उतरवत आणली आहे: माणिकरावांना गाठणे, नीब जिभेला लावू नका म्हणून सांगणे, बाटली ओतायला लावणे.